नेहमीचंच

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

संध्याकाळी आमच्या फँटसी फुटबॉल लीगबद्दल दादाचा मेसेज आला. "कीपर कळव उद्या रात्रीपर्यंत. बाकी सगळ्यांचे आले. तुझं काय, नेहमीचंच ना?" आणि पुढे तो डोळा मारणारा पिवळा चेहरा.

एवढंच. यात लागण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण तेव्हापासून 'नेहमीचंच' हा शब्द चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचतोय. साडेअकरा वाजलेत, उद्या ऑफिस आहे, आणि मी फोनवर टीम उघडून बसलेय. चौदा नावं. दोन ठेवायची, बारा सोडायची. खेळ असा: एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकानं ड्राफ्टमध्ये फेरीफेरीनं आपली टीम निवडायची, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. गेल्या वर्षीचे जे दोन ठेवायचे ते कीपर, आणि प्रत्येकासाठी ड्राफ्टमधली आपली एक फेरी द्यायची.

खरं तर प्रश्नच नाही. नाकुआ राहणार. २०२३ च्या पहिल्या आठवड्यानंतर वेव्हरवरून, म्हणजे कुणीच न घेतलेल्यांच्या यादीतून, उचललेला पोरगा. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीपर्यंत कुणी विचारलं नव्हतं, १७७ वा गेला होता, आणि त्याच मोसमात १०५ झेल, १,४८६ यार्ड. नवख्यांचे तोवरचे दोन्ही विक्रम मोडले. आमच्याकडे वेव्हरवरचा खेळाडू पुढच्या वर्षी दहाव्या फेरीचा धरतात, मग दर वर्षी एक फेरी महाग. म्हणजे यंदा तो मला नवव्या फेरीत पडतो. याला सोडलं तर मला लीगमधून हाकलून द्यावं.

दुसरी जागा अर्विंगला की ब्रायन थॉमसला. अर्विंगचे गेल्या वर्षी १,१२२ यार्ड, दर धावेला ५.४. थॉमसचे १,२८२ आणि दहा टचडाउन, म्हणजे दहादा बॉल शेवटच्या रेषेपार. दोघांचाही पहिलाच मोसम. गंमत म्हणजे अर्विंगच्या टॅम्पा संघाचं आक्रमण सांभाळणारा लियम कोएन जानेवारीत थॉमसच्या जॅक्सनव्हिलचा मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे अर्विंगचा गेला तोच थॉमसला मिळाला. पण थॉमस सातव्या फेरीत पडतो, अर्विंग बाराव्या. अर्विंग. झालं. तीन मिनिटं लागली.

मग गेले चार दिवस मी करतेय काय?

चब. सांगायला हवं का.

अकराव्या फेरीत पडतो. एकोणतीस वर्षांचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, गुडघा दुसऱ्यांदा गेलेला. गेल्या वर्षी आठ सामन्यांत ३३२ यार्ड, दर धावेला ३.३, आणि डिसेंबरात पायाचं हाड मोडलं ते वेगळंच. ज्या माणसाची कारकिर्दीची सरासरी पाचच्या वर, त्याचे ३.३. हा आकडा मी दिवसातून तीनदा बघते. बघून बदलतो की काय कुणास ठाऊक.

२०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतला तेव्हा त्याच्या संघात, ब्राउन्समध्ये, कार्लोस हाइड त्याच्या पुढे होता. दादा म्हणाला होता, बेंच गरम करायला घेतलास. ३० सप्टेंबरला रेडर्सविरुद्ध त्याच्या हातात तीनदाच बॉल आला. १०५ यार्ड, दोन टचडाउन. माझ्या बेंचवर. एकही गुण मला मिळाला नाही, पण छाती अशी फुगली की जणू मीच धावले. ऑक्टोबरात हाइडला दुसरीकडे पाठवलं आणि मग मी मागे वळून पाहिलं नाही. सहावी फेरी, पाचवी, चौथी, तिसरी, २०२३ ला दुसरी. दर वर्षी एक पायरी महाग आणि दर वर्षी मी डोळे झाकून 'ठेवा' दाबलं. २०२२ ला १,५२५ यार्ड धावला तेव्हा तिसरी फेरीसुद्धा फुकटात वाटली.

'हिचा चब' हे नाव काकांनी पाडलं. त्या ५९ यार्डांच्या दिवशी.

१५ नोव्हेंबर २०२०. ब्राउन्स १०-७ ने पुढे, मिनिटभर उरलेलं, समोर टेक्सन्स. चबला मोकळा रस्ता मिळाला. डाव्या कडेनं सुटला, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, मी सोफ्यावर उभी. आणि एक यार्ड उरलेला असताना हा माणूस पाऊल वाकडं टाकून शांतपणे रेषेबाहेर गेला. टचडाउन केलं असतं तर बॉल समोरच्यांकडे गेला असता. बाहेर गेल्यानं वेळ संपवता आली. तशी सूचनाच होती म्हणे. शहाणपणाचं होतं, ब्राउन्स जिंकले. मी त्या आठवड्यात साडेतीन गुणांनी हरले. काकांकडून. त्यांचा फोन आला तेव्हा बोलताच येत नव्हतं त्यांना, नुसता हसण्याचा आवाज. "तुझा चब गं, तुझा चब!"

काकांच्या टीमपुढे यंदा भाचीचं नाव आहे. त्याबद्दल आज नाही.

तर, नेहमीचंच. टोचतंय ते का, हे शोधायचं म्हणून लिहायला बसले. आधी वाटलं, गृहीत धरल्याचा राग. मग वाटलं, दादा मला भाबडी समजतो त्याचा. पण तेही नाही. ड्राफ्टच्या दिवशी वहिनी म्हणाली होती, "किती माया लावतेस गं एकेकाला." गेल्या वर्षी, चबला बाराव्या फेरीत परत घेतला तेव्हा. पहिले निदान चार आठवडे मैदानात उतरणार नाही हे माहीत असून घेतला होता. तेव्हाही असंच काहीतरी टोचलं होतं आणि मी हसून वेळ मारून नेली.

माया नाही ती. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१८ सप्टेंबर २०२३. सोमवारची रात्र, पिट्सबर्ग, दुसरा क्वार्टर. चबच्या डाव्या गुडघ्यावर तो टॅकल बसला. कॉलेजात असताना जो गुडघा गेला होता, तोच. प्रक्षेपण करणाऱ्यांनी तो क्षण पुन्हा दाखवायला नकार दिला. नाहीतर ही मंडळी बूट सुटला तरी चार कोनांतून दाखवतात. मैदान समोरच्या संघाचं, तरी तिथले प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करत होते. तो अजून आडवाच होता. खेळाडू गुडघ्यावर बसले होते.

आणि मी फोन उचलला. कुणाला कळवायला नाही. वेव्हर उघडलं, चबच्या जागी येणारा जेरोम फोर्ड शोधला, बोलीच्या शंभरातले ४१ टाकले. अंगठा थरथरलासुद्धा नाही. आधी ३५ टाकले होते, मग वाटलं दादाही बघत असणार, म्हणून ४१. गाडी चबपाशी पोचायच्या आधी माझी बोली लागलेली होती.

बुधवारी सकाळी फोर्ड माझा झाला. दादानं ३८ टाकले होते. ग्रुपवर मला शाबासकी मिळाली.

म्हणजे तोही तेच करत होता, हे मला दिसतं. बाराच्या बारा घरांत त्या मिनिटाला तेच चाललं असणार. हा खेळच तसा आहे, माणूस पडला की त्याच्या मागचा कोण हे आधी बघायचं. पण बाकीच्यांना कुणी 'किती माया लावतेस' म्हणत नाही ना. मला म्हणतात. आणि मी ते घेते. पाच वर्षं ठेवलेल्या माणसाचा गुडघा मोडला तर मी ३५ चे ४१ केले, आणि वर लीगमधली सगळ्यात हळवी बाई म्हणून मिरवते.

गेल्या वर्षी बाराव्या फेरीत घेतला तो भरपाई म्हणून. आता अकराव्यात ठेवायचं म्हणजे हप्ता वाढला.

चार दिवस मी स्वतःला पटवतेय की यात हिशोब आहे. चबला जूनमध्ये टेक्सन्सनी घेतलंय (हो, त्याच टेक्सन्सनी, ज्यांच्यासमोर तो रेषेबाहेर गेला होता), आणि त्यांचा रनिंग बॅक मिक्सन, त्याचा पाय अजून बरा नाही, म्हणजे पहिल्या आठवड्यात सुरुवात चबच करेल, म्हणजे अकराव्या फेरीत सुरुवातीचा रनिंग बॅक, म्हणजे स्वस्तच की! असं 'म्हणजे म्हणजे' करत मी रोज रात्री थॉमसला काढते, अर्विंगला काढते, चबला बसवते. एकदा तर नाकुआला काढला. तेव्हा मात्र माझी मलाच भीती वाटली.

पाणी प्यायला उठले. येताना आठवलं, आज २४ ऑगस्ट.

२०१९ ला याच तारखेला अँड्र्यू लक निवृत्त झाला होता. एकोणतीसचाच. सरावाचा सामना चालू असताना बातमी फुटली आणि त्याच्याच घरच्या मैदानात त्याची हुर्यो उडवली लोकांनी. दादानं आदल्या दिवशी त्याला कीपर म्हणून दिला होता. सगळ्यांच्या आधी, मोठ्या दिमाखात. दोन दिवस तो नियमांची वही काढून बसला होता, निवृत्ती ही दुखापत धरावी की नाही यावर. "मनाची दुखापत आहे," असं लिहिलं होतं त्यानं, अगदी गंभीरपणे. मतदान घेतलं. दहा विरुद्ध दोन हरला. दुसरं मत काकांचं.

हसूच आलं. रात्री बारा वाजता एकटीच हसत बसले.

हा खेळ जन्मला तेव्हापासून असाच आहे म्हणा. १९६३ ला ओकलंडमध्ये पहिला ड्राफ्ट झाला, आठ जणांच्या टीम, आणि पहिला नंबर मिळालेल्यानं घेतला जॉर्ज ब्लांडा. समोर जिम ब्राउन होता. तो त्या मोसमात १,८६३ यार्ड धावला. पहिल्याच दिवशी, पहिल्याच नावाला हात कपाळावर. मी कोण मोठी लागून गेले.

आणि चबला काय त्याचं? त्याला माझे ४१ माहीत नाहीत, माझी बारावी फेरीही माहीत नाही. तो गुडघा घेऊन वर्षभरानं परत उतरला, पहिल्याच सामन्यात टचडाउन केलं. माझ्या भरपाईवाचून. मी इथे कुणाचे हप्ते फेडतेय ते त्या बिचाऱ्याला विचारलंय का कुणी.

बारा वाजून सात मिनिटांनी लिहिलं, "नाकुआ, अर्विंग." पाठवलं. पाठवल्यावर छातीत जरा धडधडलं, खोटं कशाला बोलू.

दादा जागाच होता. "आणि चब???" तीन प्रश्नचिन्हं.

"सोडला."

बराच वेळ तो टाइप करतोय असं दिसत राहिलं. थांबला, पुन्हा सुरू झाला. मला वाटलं आता काकांचं काहीतरी लिहितोय. लिहू नये असं वाटत होतं, आणि लिहावं असंही. शेवटी आलं ते एवढंच: "बरं. मग मी घेतो त्याला, शेवटी शेवटी."

घेऊ दे. त्याच्याकडे गेला म्हणून काय बिघडतं. खरंच घेऊ दे.

नाही, पण जरा बघू या. ड्राफ्टमध्ये सम फेऱ्या शेवटच्या नंबरापासून येतात, म्हणजे चौदावी उलटी. यंदा माझा नंबर नववा, दादाचा तिसरा, म्हणजे चौदाव्यात मी त्याच्या आधी. पण दादा चौदाव्यापर्यंत थांबणारा नाही, मुद्दाम तेराव्यात घेईल, आणि तेरावी सुलटी, तिथे तो माझ्या आधी. म्हणजे बाराव्यात घ्यायला हवा.

बारावी अर्विंगला गेली.

म्हणजे अकरावी.