आमची वाटचाल: ञ संपला की फर्मा थांबायचा

आम्ही पाली ग्रंथ मराठी अर्थासह छापणारे प्रकाशक. पाली, म्हणजे बुद्धवचनांची भाषा, छापणं म्हणजे काय, हे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्यांनाच कळायचं. मराठी मजकुरात ञ जवळजवळ लागतच नाही, म्हणून खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून येणाऱ्या संचात तो मोजकाच असायचा. पालीत मात्र पञ्ञा, ञाण, सञ्ञा असं पानोपानी लागतं. तीच गत ट्ठ आणि ङ्ग यांची. आमचे पहिले भागीदार स्वतः कंपोझिटर होते. त्यांनी या जोडाक्षरांसाठी खिळ्यांच्या खणांच्या केसशेजारी एक वेगळी पेटी ठेवली होती आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. ञ संपला की पुढचा फर्मा, म्हणजे एकदम छापायची पानं, जुळवता यायचा नाही. आधीचा छापून, खिळे धुऊन, सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकले की मग पुढचं पान. पायानं चालवायच्या ट्रेडल छापयंत्रावर आमचं पहिलं धम्मपद, म्हणजे बुद्धवचनांच्या गाथांचं पुस्तक, असं निघालं. आज डीटीपीवर बसणाऱ्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पण जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना सगळ्यात आधी मोडतो तो ञ्ञ आणि ट्ठच. तेव्हा मित्रांनो, रूपांतर झाल्यावर पालीची प्रत पुन्हा मुळाशी ताडून वाचा. मराठी मजकूर ठीक दिसला म्हणजे पालीही ठीक आहे, असं धरून चालू नका.

त्या पहिल्या आवृत्तीचा टाइप बारीक होता. दीक्षाभूमीच्या स्टॉलवर यवतमाळकडची एक मावशी आली. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग म्हणाली, "भाऊ, पुस्तक चांगलं हाये, पण अक्षरं दिसत नाहीत मले. वर्षावासात आमच्या विहारात मीच वाचतो." वर्षावास म्हणजे आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, तेव्हा गावोगावी ग्रंथवाचन चालतं, ते बहुतेक संध्याकाळी, कामावरून आलेल्या माणसांसमोर, एकाच दिव्याखाली. ज्याला मोठ्यानं वाचायचं आहे त्याच्यासाठी पुस्तक वेगळंच लागतं, हे आम्हाला तिनं शिकवलं. पुढची आवृत्ती आम्ही तिच्यासाठीच बांधली: डेमी साइज, ठसठशीत टाइप, पानावर जास्तीत जास्त दोन गाथा. वर पाली, मध्ये अन्वय, म्हणजे गाथेतले शब्द सरळ क्रमानं लावून, खाली मराठी अर्थ. गाथा कुठेही दोन पानांत तुटायची नाही. यमकवग्गातल्या, म्हणजे पहिल्या प्रकरणातल्या, 20 गाथा जोडीजोडीनं येतात, त्यातली प्रत्येक जोडी एकाच पानावर. शिवण दोऱ्याची, कारण नुसत्या गोंदावर बांधलेलं पुस्तक एका वर्षावासात पानं सोडतं. शेवटी शब्दसूची, ती माझ्या पत्नीनं चिठ्ठ्या करून तयार केली. 423 गाथांची ही मांडणी आमची आहे. मावशी दरवर्षी आली, स्वतःपुरती एक प्रत न घेता शेजारच्या गावांसाठीही घेऊन गेली.

मधली वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या भांडवलाच्या प्रकाशकानं आमचं धम्मपद उचललं. नाव मी घेणार नाही. गाथा अडीच हजार वर्षांच्या, त्या कुणाच्याच मालकीच्या नाहीत, हे मलाही कळतं. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी 1947 मध्ये गेले, लेखकाच्या हक्काची साठ वर्षं भरली, 2008 पासून त्यांचं मराठी लेखन कुणीही छापू शकतो. बाबासाहेबांचे हयातीत छापलेले ग्रंथ 2017 पासून खुले झाले, आणि ते घरोघरी पोचावेत असं मलाही वाटतं. पण अनुवाद ज्याचा त्याचा असतो. यानं आमचा अन्वय, आमचा अर्थ, आमची पानं जशीच्या तशी घेतली आणि फक्त आमची 16 पानांची प्रस्तावना काढली. एक फर्मा वाचला त्याचा. आमची पानं प्रस्तावनेपासून सलग मोजलेली, त्यामुळे त्याच्याकडे सगळे आकडे सोळानं मागे सरकले. शब्दसूची मात्र आमचीच राहिली, आमच्याच पानांच्या आकड्यांसकट. आमच्याकडे दुसरा अप्पमादवग्ग पान 27 वर सुरू होतो. त्याच्या पुस्तकात 27 उघडलं की चौथा पुप्फवग्ग! याहून मोठा पुरावा काय हवा? वाचक ते पुस्तक घेऊन आमच्याशी भांडायला यायचे, कारण मांडणी ओळखीची. मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून दाखवायचो. लोकांना पटायचं, आणि पुढच्या स्टॉलवर जाऊन ते त्याचीच प्रत निम्म्या किमतीत घ्यायचे. व्यवसायातल्या वडीलधाऱ्यांकडे गेलो तर "आपसात मिटवा." वकील म्हणाले, खटला जिंकाल, पण तोवर दुकान राहील का ते पाहा. ते दुखणं आजही गेलेलं नाही.

त्यातच 2020 आलं. 14 एप्रिलसाठी छापलेला माल गोदामात आणि 25 मार्चपासून सगळं बंद. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरचा सोहळा नाही, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला येऊ नका, घरूनच अभिवादन करा असं आवाहन. ते योग्यच होतं, पण आमचा वर्षाचा गल्ला याच तारखांवर. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक आम्हाला भाग्यवान समजतात. कागदावर भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही, हे कुणी विचारात घेत नाही. कागदवाला दारात, गठ्ठ्यांना वाळवी. कटिंग मशीन विकलं. ऑफसेटही विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं. त्याच आठवड्यात मावशीच्या नातवाचा फोन आला: विहार बंद आहे, आजी म्हणते घराघरात वाचू, प्रत्येक घराला एक पुस्तक पाठवा. पैसे आधीच जमा केले होते. मग तालुक्यातल्या इतर गावांचेही फोन आले. मशीन राहिलं.

नव्या प्रकाशकांना सांगतो, 6 डिसेंबरच्या भरवशावर कर्ज काढू नका. पालीचा अनुवाद पालीवरूनच करून घ्या, हिंदीवरून नको. आणि वाचकांनो, घेण्याआधी पुस्तक मधोमध उघडून शिवण बघा, मग सूचीतले कोणतेही दोन शब्द त्या त्या पानांवर शोधा.

सध्या सुत्तनिपात या दुसऱ्या पाली ग्रंथाचं काम चालू आहे. उरगवग्ग आणि चूळवग्ग लावून झाले, महावग्गात गद्य आणि गाथा एकत्र येतात तिथे मांडणी अडली आहे. अट्ठकवग्ग आणि पारायनवग्ग त्यामानानं सोपे जातील. टाइप तोच मोठा ठेवला आहे, शिवण दोऱ्याचीच. येत्या वर्षावासाआधी प्रती हव्या असतील त्या विहारांनी मागणी आधी कळवावी, तेवढ्याच छापणार आहोत.