पाथ_मॅक्स नसलेल्या सिस्टिमवर पोर्ट करताना

डेबियनचं एखादं जुनं पॅकेज ग्नू हर्ड या लिनक्सहून वेगळ्या सिस्टिमवर बिल्ड करायला घेतलं, की बऱ्याचदा पहिलीच एरर ठरलेली असते: ‘पाथ_मॅक्स’ (फाइलच्या पाथची कमाल लांबी सांगणारा सी मधला मॅक्रो) डिक्लेअर केलेलं नाही. लिनक्सवर हाच कोड वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला असतो, त्यामुळे हर्डमध्येच काहीतरी राहून गेलंय असा समज होतो. पण इथे हर्डचं काही चुकलेलं नाही. पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं मानक, सांगतं की एखादी मर्यादा फाइलसिस्टिमनुसार बदलत असेल किंवा ठरवता येत नसेल, तर तिचा मॅक्रो ‘लिमिट्स’ हेडरमध्ये ठेवायचाच नाही. हमी फक्त किमान आकड्याची आहे, तो २५६ बाइट. लिनक्स ४०९६ देतं, मॅकओएस १०२४, आणि हर्डवर पाथच्या लांबीला मर्यादाच नाही. म्हणून तिथे मॅक्रोही नाही. बीएसडीकडून आलेलं ‘मॅक्सपाथलेन’ही त्याच कारणाने सापडत नाही.

सगळ्यात सोपा उपाय सगळ्यांनाच सुचतो: मॅक्रो नसेल तर आपणच ४०९६ म्हणून डिफाइन करून टाकायचा. बिल्ड पास होतं, पण पोर्ट झालेलं नसतं. हा उपाय मला मुळीच मान्य नाही आणि त्याचं ठोस कारण आहे. पाथ पूर्ण आणि खऱ्या रूपात देणाऱ्या ‘रिअलपाथ’ या फंक्शनला आपण ४०९६ बाइटचा बफर देतो, पण त्याचा आकार सांगायला त्या फंक्शनमध्ये जागाच नाही. पॉझिक्सने स्पष्ट लिहिलंय की हेडरमध्ये पाथ_मॅक्स नसताना या फंक्शनला स्वतःचा बफर दिला, तर पुढे काय होईल याची हमी नाही. म्हणजे कंपाइलरने वेळेवर दाखवलेली चूक आपण बफर ओव्हरफ्लोत बदलून ठेवतो.

रिअलपाथपुरता खरा इलाज एका ओळीचा आहे. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये नल द्या. लायब्ररी हवी तेवढी मेमरी स्वतः घेते, काम झालं की आपण ‘फ्री’ करायचं. २००८ च्या पॉझिक्सपासून हे अधिकृत आहे.

चालू डिरेक्टरीचा पाथ देणाऱ्या ‘गेटसीडब्ल्यूडी’ला नल दिलेलं जीलिबसी या ग्नूच्या सी लायब्ररीत चालतं, पण पॉझिक्स त्याची हमी देत नाही. म्हणून लूपच लिहावा. २५६ बाइटपासून सुरुवात करा, ‘ईरेंज’ (बफर लहान पडला) एरर आली की आकार दुप्पट करून पुन्हा विचारा. दुसरी कुठली एरर आली तर तिथेच थांबा, नाहीतर डिरेक्टरी वाचायची परवानगी नसताना लूप मेमरी संपेपर्यंत फिरत राहील.

सिम्बॉलिक लिंक कुठे जाते ते वाचणाऱ्या ‘रीडलिंक’मध्ये फसायला सगळ्यात जास्त जागा आहे. ते शेवटी शून्य बाइट लावत नाही, आणि बफर लहान पडला तर एरर न देता मजकूर कापून देतं. ‘एलस्टॅट’ने लिंकची लांबी आधी विचारता येते, पण लिनक्सच्या ‘प्रॉक’मधल्या बऱ्याच लिंकांची लांबी तिथे शून्य दिसते. शिवाय दोन कॉलच्या मधल्या वेळात लिंक बदलू शकते. म्हणून मिळालेली लांबी बफरच्या आकाराएवढी आली, तर मजकूर कापला गेलाय असंच धरा आणि दुप्पट बफर घेऊन परत वाचा.

डिरेक्टरी आणि फाइलचं नाव जोडून पाथ बनवताना ‘एसएनप्रिंटएफ’ किती बाइट लागले असते ते परत सांगतं. ते न तपासता कापलेला पाथ तसाच फाइल पुसणाऱ्या ‘अनलिंक’ला दिला, तर त्या अर्धवट नावाचीही फाइल असू शकते, आणि मग भलतीच फाइल उडते. लागेल तेवढी मेमरी स्वतः घेणारं ‘एएसप्रिंटएफ’ वापरलं तर हा प्रश्नच येत नाही. ते आता २०२४ च्या पॉझिक्समध्येही आलं आहे.

खरं कष्टाचं काम स्ट्रक्चरमध्ये असतं. आत पाथ_मॅक्स लांबीचा ॲरे होता, आपण तिथे कॅरेक्टर पॉइंटर ठेवला. कंपाइलर खूश. पण कुठेतरी दुसऱ्या फाइलमध्ये त्याच मेंबरवर ‘साइझऑफ’ लिहिलेलं असतं. ६४ बिट मशीनवर ते आता ४०९६ ऐवजी ८ होतं, आणि ‘/होम/...’ ने सुरू होणारा पाथ सात अक्षरांवर कापला जातो. दुसरी गोची असाइनमेंटची: आधी एका स्ट्रक्चरमधून दुसऱ्यात पूर्ण मजकूर जायचा, आता फक्त पॉइंटर जातो आणि दोन्हीकडून फ्री झालं की प्रोग्रॅम कोसळतो. आणि तेच स्ट्रक्चर फाइलमध्ये किंवा शेअर्ड मेमरीत जसंच्या तसं लिहिलं जात असेल, तर तिथे पत्ता लिहिला जाईल, पाथ नाही. म्हणून मेंबर बदलताना त्याचं नावही बदला. जिथे जिथे तो वापरलाय तिथे कंपाइलर अडेल आणि प्रत्येक जागा डोळ्यांखालून जाईल. नंतर सगळं बसलं की जुनं नाव परत आणता येतं.

‘पाथकॉन्फ’ या फंक्शनला मर्यादा विचारून तेवढी मेमरी घ्यावी असाही सल्ला मिळतो. मर्यादा नसेल तर ते उणे एक देतं आणि ‘एरनो’ला (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलला) हात लावत नाही. म्हणजे कॉलच्या आधी एरनो शून्य केलं नसेल, तर खरी एरर आणि ‘मर्यादा नाही’ यात फरकच कळत नाही. वरची लूपची पद्धत जास्त भरवशाची.

होस्टनेमचंही, म्हणजे मशीनच्या नावाच्या लांबीचंही, तेच. पॉझिक्सचं किमान २५५, लिनक्सवर प्रत्यक्षात ६४. ‘गेटहोस्टनेम’ने नाव कापलं तर शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही, म्हणून तो स्वतः ठेवा आणि बफर काठोकाठ भरला असेल तर मोठा घ्या.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना लांबीची मर्यादा इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर टोचते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी चिन्हं. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलं की १० चिन्हं, ३० बाइट. म्हणजे एका नावात फार तर ८५ चिन्हं. ईक्रिप्टएफएस या एन्क्रिप्टेड फाइलसिस्टिमवर नावाला १४३ बाइटच मिळतात, तिथे ४७ चिन्हांवर थांबावं लागतं. कोडमध्ये बफर कापावाच लागला तर बाइट मोजून मधेच तोडू नका, अर्धं अक्षर उरतं.

एका ठिकाणी मात्र ठरावीक आकारापासून सुटका नाही, ते म्हणजे युनिक्स सॉकेटचा (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना बोलायला लागणाऱ्या जोडणीचा) पाथ. लिनक्सवर त्याला १०८ बाइट, बीएसडी आणि मॅकओएसवर १०४. इथे लांबी आधी तपासून स्पष्ट एरर द्या, किंवा त्या डिरेक्टरीत जाऊन छोटा रिलेटिव्ह पाथ वापरा.

हर्डचं मशीन हाताशी नसलं तरी चाचणी लिनक्सवरच करता येते. ४०९६ ची मर्यादा एका सिस्टिम कॉलला दिलेल्या पाथला आहे, डिरेक्टरींच्या झाडाच्या खोलीला नाही. २५० अक्षरी नावाच्या डिरेक्टरीत तशीच दुसरी, अशा २० डिरेक्टरी एकेक पायरी उतरत बनवा. ५००० बाइटच्या वर पाथ तयार होतो. तिथे उभं राहून प्रोग्रॅम चालवा. नंतर वर येऊन ‘आरएम’ने ते सगळं झाड नीट पुसलं जातं, कारण कोअरयूटिल्सचं (ग्नूच्या मूलभूत कमांडच्या संचातलं) आरएम ‘ओपनॅट’च्या कुळातले कॉल वापरून पायरीपायरीने उतरतं.

पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवताना ‘फक्त हर्डसाठी’ अशी वेगळी फांदी ठेवू नका, सगळ्या सिस्टिमना एकच कोड द्या. अल्पाइन लिनक्सवालेही तो आनंदाने घेतील: ते वापरतात त्या मसल या सी लायब्ररीत थ्रेडला डिफॉल्ट स्टॅक १२८ केबी मिळतो, आणि स्वतःलाच कॉल करणाऱ्या फंक्शनमध्ये ४०९६ बाइटचा बफर असेल तर स्टॅक ३२ पातळ्यांच्या आतच संपतो.