तुम्ही विचारलंत म्हणून: पाय का धुता?

"सिस्टर, खरं सांगा, कुष्ठरोग्यांचे पाय धुणं, हे सगळं शेवटी लोकांना ख्रिस्ती करायलाच ना?" शेजारच्या वहिनींनी विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलं, आता तुम्हीही विचारलंत. मला राग येत नाही. प्रश्न जुनाच आहे. पंडिता रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदनावर, म्हणजे विधवांसाठीच्या निवासी शाळेवर, हाच आक्षेप आला आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. भुकेल्याच्या हातावर भाकर ठेवताना कुणी कधी धर्म पुढे केलाच नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मी माझ्यापुरतं सांगते.

नर्सची नोकरी संपल्यापासून दर शनिवारी मी कुष्ठवस्तीत जाते. तिथलं माझं काम पायांचं. कुष्ठरोग आता पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेली एकत्रित औषधं सहा महिने ते वर्षभर घेतली की जंतू मरतात. पण ज्या नसा मेल्या त्या मेल्याच. तळपायाला काही कळेनासं होतं. वेलोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस भाजलेल्या, कापलेल्या पायावर तसाच वावरत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. दुखणं हा किती मोठा पहारेकरी आहे, हे मला त्या वस्तीत कळलं.

म्हणून टबात साधं पाणी घ्यायचं. गरम नको, चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. वीस मिनिटं पाय बुडवून ठेवायचे. घट्टे मऊ झाले की वजरीने हलक्या हाताने घासायचे, ओलसर पायावरच खोबरेल तेल चोळायचं, म्हणजे ओल आत टिकते. मग बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा, सगळं उजेडात धरून बघायचं.

तिथले एक काका पहिले दोन महिने पाय पुढे करेनात. गळ्यात तुळशीची माळ, वय माझ्या वडिलांएवढं. "सिस्टर, तुम्ही नका हात लावू. बाईमाणसाने माझे असले पाय धरायचे, मला पाप लागेल." एका शनिवारी त्यांच्या चालण्यात फरक दिसला, तेव्हा मी खालीच बसले आणि पाय मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा, अख्खा, आत मोडलेला. तीन दिवस ते त्यावर चालत होते. मी चिमट्याने काटा काढला, तरी चेहऱ्यावर काही नाही. पण मी टाच पुसायला लागले तेव्हा ते रडले. दुखून नव्हे. म्हणाले, "वीस वर्षांत या पायाला घरच्या कुणी हात लावला नाही."

मला तेव्हा पेत्र आठवला. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र पाय मागे घेतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणतो. दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी देवळात हा भाग वाचतात. लहानपणापासून ऐकत आले. पण त्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्या खोलीत यहूदा इस्कार्योतही होता. हा आपल्याला धरून देणार, हे येशूला ठाऊक होतं. तरी त्याचेही पाय धुतले, पुसले. आणि पाय धुऊन झाल्यावर यहूदा उठून रात्रीच्या अंधारात निघून गेला.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. माझ्या प्रभूने परतफेडीची आशा नसलेल्या माणसाचेही पाय धुतले. मग मी काकांच्या पायाची किंमत त्यांच्या माळेशी कशी लावू? मला कुणी विचारलं की तुमचा येशू कोण, तर मी आनंदाने, मनापासून सांगते. माझं जगणंच त्याच्यावर उभं आहे. पण टब आणि तेल त्या सांगण्याचं आमिष नाही. तसं मी एकदा जरी केलं, तर ज्याचं नाव घेते त्याचंच खोटं केलं.

काकांना आषाढीला पंढरपूरला जायचं होतं. पायी नाही, एसटीने, एवढं मी कबूल करून घेतलं. त्यांच्या एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबरी तळाच्या, चपलेचा मागचा पट्टा तुटला होता, तो आदल्या शनिवारी शिवून दिला. चांभाराकडे नको म्हटलं, कारण तो खिळा मारेल आणि खिळा वर आला तर यांना कळणारही नाही. परत आले ते बुक्का लावून, हातात चुरमुऱ्या-बत्ताशांची पुडी.

"सिस्टर, प्रसाद."

"आधी पाय दाखवा," मी म्हटलं. त्यांनी स्वतःहून पाय पुढे केला. टाच कोरडी होती, फक्त एक भेग. मी टबात पाणी ओतलं, आणि पाय भिजेपर्यंत आम्ही दोघांनी चुरमुरे खाल्ले.