नवा ब्रिसलनोज खात नाही? आधी त्याचं पोट बघा

ब्रिसलनोज म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा छोटा कॅटफिश. तो नवीन टँकमध्ये सोडला की पहिले तीन-चार दिवस तो बहुधा दिसतच नाही. काळजीपोटी रोज एक वेफर (तळाशी बुडणारी माशांच्या खाद्याची चकती) टाकला जातो, तो तसाच पडून राहतो, तरी दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्याभरात मासा मरतो आणि सगळे म्हणतात, उपाशी मेला. खरं तर सडलेल्या वेफरांमुळे वाढलेल्या अमोनियानेच बहुतेकदा त्याचा घात झालेला असतो. भरल्या अंगाचा ब्रिसलनोज आठवडाभर न खाता सहज राहतो, पण खराब पाणी त्याला सोसत नाही. त्यामुळे तो खाताना दिसला का, याची चिंता करण्यापेक्षा त्याच्या पोटावर नजर ठेवा.

पोट बघायला सुरुवात दुकानातच करा. मासा काचेला चिकटला की त्याची खालची बाजू समोर येते. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. आत खपाटीला गेलं असेल, डोळे खोबणीत बसले असतील, तर तो मासा घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. त्याच वेळी पाठीवरचा पर उघडलेला बघायला मिळाला तर त्यातले काटे मोजा. ब्रिसलनोजला पुढचा एक कडक काटा आणि त्यामागे सातेक मऊ काटे असतात. दहा किंवा जास्त मऊ काटे असतील तर तो सेलफिन प्लेको. आपल्याकडे दोन्ही ‘सकर’ म्हणूनच विकले जातात, पण ब्रिसलनोज १२-१३ सेंमीवर थांबतो आणि सेलफिन ४० सेंमीच्या पुढे जातो. मोठा झालेला सेलफिन तलावात किंवा नदीत सोडणं हा तर गुन्हाच समजा. देशातल्या कितीतरी पाणथळ जागांत त्याने आधीच ठाण मांडलंय.

घरी आणल्यावर टँकचा दिवा बंद करून पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. प्रवास तासा-दोन तासांचा असेल तर मासा पिशवीतल्या पाण्यासकट डब्यात काढा आणि एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब असं सोडा. डब्यातलं पाणी तिप्पट होईपर्यंत हे चालू द्या. मासा कुरिअरने, रात्रभर पिशवीत राहून आला असेल तर मात्र हा प्रकार टाळा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवून घ्या, पिशवी उघडा आणि मासा लगेच टँकमध्ये घ्या. पिशवीतलं पाणी दोन्ही वेळा मोरीत.

जाळी वापरू नका. गालांवरचे आणि परांचे काटे जाळीत अडकतात आणि ओढाओढीत मोडतात. प्लॅस्टिकचा डबा पुढे धरून मासा त्यात हाकलावा. अडकलाच तर कात्रीने जाळी कापा.

त्याला लपायला जागा आधीच तयार हवी. पाच सेंमीच्या पिल्लाला एक इंची पीव्हीसी पाइपचा १०-१२ सेंमीचा तुकडा पुरतो. नारळाची करवंटीही छान, मात्र शेंड्या काढून, वीस मिनिटं उकळून. सोबत ड्रिफ्टवुडचा एक तुकडा असावाच, कारण हा मासा लाकूड सतत खरवडतो. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासूनच बनणारं विष) शून्य, तापमान २४ ते २७ अंश. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २५ अंशांना सव्वाआठ मावतो. मासा पुन्हापुन्हा वर येऊन हवा गिळू लागला तर खाण्याचा विचार बाजूला ठेवा, एअर पंप वाढवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडा.

पहिल्या रात्री काहीही देऊ नका. दुसऱ्या दिवशी दिवा चालू असताना बाकीच्या माशांना पोटभर खायला द्या, दिवा घालवा आणि वीसेक मिनिटांनी पाइपच्या तोंडाशी अर्धा वेफर ठेवा. हा क्रम उलटा झाला तर टेट्रा आणि बार्ब तो वेफर फस्त करतात आणि तुम्हाला वाटतं, कॅटफिशने खाल्ला. दुधीची किंवा काकडीची सेंटिमीटरभर जाड चकती दोन मिनिटं उकळून, गार करून, स्टीलच्या काट्यात खोचून बुडवा. काकडीत बहुतेक पाणीच, त्यामुळे ती आमिषापुरती. नेहमीसाठी दुधी, पालक आणि वेफर. सकाळी उरलेलं सगळं काढायचं, अपवाद नाही.

चकती काढताना ती नीट बघा. ब्रिसलनोजने हात मारला असेल तर मधला गर खरवडून साल कड्यासारखी उरते. विष्ठाही बोलते: तपकिरी किंवा हिरवट, लांब दोरा म्हणजे पोटात अन्न जातंय. पांढरा, पोकळ दोरा म्हणजे आतडं रिकामं. रात्री डोकवायचंच असेल तर टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा, तो प्रकाश माशाला कमी बोचतो.

आठवडा उलटला, पोट आत चाललंय आणि वरची एकही खूण नाही, तर आधी पाणी तपासा, मग त्याच्या लपायच्या जागेवर हक्क सांगणारा दुसरा तळचा मासा आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर शेवाळाचे दगड करा. चार-पाच गुळगुळीत गोटे टँकच्याच पाण्यात, पांढऱ्या टबात, उन्हाच्या खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत त्यांवर मऊ हिरवा थर धरतो. वेफरला तोंड न लावणारा मासाही या थरावर बहुधा लागतो, कारण खरवडून खाणं हीच त्याची मूळ सवय. नव्या, लखलखीत धुतलेल्या टँकमध्ये नेमका हाच थर नसतो, म्हणून मासा आणण्याच्या पंधरवडाभर आधीच दगड टबात टाकलेले बरे. एक गोटा साफ झाला की तो टबात परत आणि तिथला हिरवा आत. हळूहळू त्याच गोट्यावर वेफरचा भिजवलेला तुकडा दाबून बसवा. शेवाळाबरोबर तोही खरवडला जातो आणि मग वेफर ओळखीचा होतो.