जाड फडक्यांची प्रगती : थर, टाके आणि तिरकी पट्टी

गरम पातेली उतरवण्यासाठी शिवत असलेल्या फडक्यांची नवी जोडी पूर्ण झाली असून या खेपेस सारे लक्ष टाक्यांच्या ओळींमधील अंतराकडे दिले. हाताला चटका बसू नये हे काम कापडाच्या जाडीपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा अधिक करते. त्यामुळे अर्ध्या इंचावर दाट ओळी मारल्या, की फडके देखणे दिसते खरे, पण थर दाबले जाऊन ती हवाच निघून जाते. ओळी फार विरळ ठेवल्या, तर दोन-चार धुण्यांतच दोन कापडांच्या मधे घातलेला टॉवेल गोळा होतो. सव्वा इंच हे अंतर मला दोन्ही बाजूंनी सोयीचे वाटले.

वरच्या थरासाठी रविवार पेठेतील कापडगंजातून सुती तुकडे आणले आणि कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवले, कारण शिवल्यानंतर वरचा थर आटला, तर सगळे फडके आक्रसते. खणाचा मोह अनेकांना होतो. मात्र हल्लीच्या पुष्कळशा खणांत कृत्रिम धागा असतो, म्हणून एक दोरा जाळून पाहावा. सुताचा दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक काळा मणी उरतो. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळते आणि मोठ्या आचेवरचा भाकरीचा तवा त्याच्या जवळपास जाऊ शकतो, हे लक्षात घेता आत घालण्यासाठी मिळणारी पॉलिएस्टरची गादी, कितीही हलकी आणि स्वस्त असली, तरी मी वापरत नाही. जुन्या सुती टॉवेलचे दोन थर पुरतात.

टॉवेल मशीनखाली सरकतो, त्यामुळे चारही थर आधी हाताने कच्चा टाका घालून पक्के केले. सोळा नंबरची सुई, सुती दोरा आणि तीन मिलिमीटरहून थोडा मोठा टाका ठेवून मधल्या ओळीपासून कडेकडे शिवत गेले. शिवताना कापड थोडे आत ओढले जाते, म्हणून तुकडे नऊ इंचांचे घेतले आणि शिवून झाल्यावर आठ इंचांवर कातरले.

खरी कसोटी गोटाची, म्हणजे कडेभोवती शिवायच्या पट्टीची. वाटी ठेवून कोपरे गोलसर कापले, की पट्टी पंचेचाळीस अंशांच्या तिरक्यात कापलेली असेल, तरच ती वळणावर नीट बसते. पण कोपऱ्यावर ती जराही ताणली, तर फडके द्रोणासारखे वर वळते. वळणावर पट्टी सैल सोडून, सुई कापडातच ठेवून, दर दोन-तीन टाक्यांनी मशीनचा कापड दाबणारा पाय उचलत फडके फिरवले, की हे टळते. मागची बाजू हातानेच तुरपली. मशीनची शिलाई तिथे हमखास वाकडी दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फडके टांगण्यासाठी कडेला शिवलेला बंद शोभेसाठी नसतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओल्या फडक्याने तापलेले भांडे धरणे म्हणजे चटक्याला आमंत्रण. आणि पुण्याच्या पावसाळ्यात ओट्यावर पडलेले जाड फडके लवकर वाळत नाही.

आता कढईच्या कानांसाठी लहान तुकडे कापून ठेवले आहेत. कानाच्या फटीत टॉवेलचा एकच थर मावतो, म्हणून त्यांवर मधोमध एकच ओळ मारणार आहे.