सुई नको!

तिच्या हातात सुईच्या तपासणीची चिठ्ठी होती. जबड्याच्या कोनाखाली गाठ, दुखत नाही, काही वर्षांपासून हळूहळू वाढतेय. बोटांत धरली तर आडवी हलत होती, पण वर-खाली अजिबात नाही. शिवाय बोटाखाली ठोके लागत होते. मी चिठ्ठी बाजूला ठेवली. अशा गाठीत सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो.

सीटी अँजिओग्राफीत मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या दोन्ही फांद्या फाकलेल्या दिसल्या आणि मधोमध रक्ताने भरलेली गाठ. कॅरोटिड बॉडी ट्यूमर. रक्तातला ऑक्सिजन जोखणारा तांदळाच्या दाण्याएवढा अवयव तिथे असतो, ही त्याचीच गाठ. क्वचित अशी गाठ अॅड्रिनॅलिनच्या जातीची रसायने सोडते आणि मग भूल देतानाच रक्तदाब भडकतो. म्हणून त्या रसायनांपासून बनणारे मेटानेफ्रिन आधी तपासून घेतले. नॉर्मल आले.

शॅम्ब्लिनने १९७१ मध्ये केलेल्या या गाठींच्या वर्गवारीत ही गाठ दुसऱ्या गटातली, म्हणजे धमनीला अर्धवट विळखा घातलेली. धमनी फाटलीच तर जोडायला व्हॅस्क्युलर सर्जन शेजारी उभे होते, मांडीची शीरही तयार ठेवली होती. आधी गाठीखाली मूळ धमनीला फास टाकून ठेवला, वरून जाणारी जिभेची नस अलगद उचलून बाजूला केली. मग धमनीच्या बाहेरच्या आवरणाखालच्या पातळीत शिरून बायपोलरने, म्हणजे रक्तवाहिन्या जाळून बंद करणाऱ्या विजेच्या चिमट्याने, मिलिमीटर-मिलिमीटर पुढे. या ऑपरेशनमध्ये घाई करणाऱ्याला मी माझ्यासमोर उभंही करणार नाही. धमनी दुभागते तिथे पोचलो तोच भूलतज्ज्ञ म्हणाले, “पल्स उतरतोय.” हात थांबवले. तिथल्या नसा चाळवल्या की असं होतं. बधिर करणारं थोडं लिग्नोकेन सोडलं, ठोके सावरले, पुढे निघालो. गाठ अखंड निघाली, धमनी शाबूत राहिली.

शुद्धीवर आल्यावर म्हटलं, “जीभ बाहेर काढा.” सरळ आली. “आता ‘ई’ म्हणा.” आवाज स्वच्छ! जिभेची आणि आवाजाची नस शाबूत. त्या क्षणी झालेला आनंद मी लपवला नाही.

राउंडला ती सहज म्हणाली, “बाबांच्याही मानेत अशीच गाठ होती.” जनुकतपासणीत एसडीएचडी नावाच्या जनुकात दोष निघाला. तिने लगेच विचारलं, “माझ्या मुलीला होईल का हो, डॉक्टर?” हा दोष आईकडून आला तर गाठ होणं अगदी विरळ, वडिलांकडून आला तर धोका मोठा. म्हणून मुलीपेक्षा मला तिच्या भावाची काळजी जास्त होती. तोही त्याच वडिलांचा, आणि त्यालाही मुलं आहेत. डिस्चार्जच्या कागदांबरोबरच त्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.