त्रेचाळीस माणसं आणि फोनच्या बाजूचं एक बटण

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. मी तेव्हा मॅनहॅटनमधे एका टॉवरच्या साईटवर ज्युनियर इंजिनियर होतो, पुण्याहून येऊन दीड वर्ष झालेलं. आमची शिफ्ट साडेतीनला सुटायची पण त्या दिवशी काँक्रीट टाकायचं काम लांबलं म्हणून त्रेचाळीस जण ओव्हरटाईमवर थांबले होते. चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. नुसती आमची नाही, ओहायोपासून न्यूयॉर्कपर्यंत आणि वर कॅनडात ओंटारियोमधे, जवळपास पाच कोटी लोकांची, पण हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की होइस्ट, म्हणजे साईटवरची माणसं-सामान नेणारी लिफ्ट, मधल्या मजल्यावर थांबलाय, सिग्नल बंद पडलेत आणि खाली रस्त्यावर गाड्या आडव्यातिडव्या अडकल्यात. ११ सप्टेंबरला दोन वर्षंही झाली नव्हती, सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल ते सांगायला नको.

मी आधी घरी जर्सी सिटीला बायकोला फोन लावला, नुसता बिझी टोन. पुन्हा लावला, तेच. आमच्या सगळ्या फोरमनकडे कंपनीने दिलेले, नेक्स्टेल या मोबाईल कंपनीचे मोटोरोला फ्लिप फोन होते, आय९०सी, जाडजूड, बाजूला मोठं बटण, झाकण न उघडता वॉकीटॉकीसारखं बोलता यायचं. ग्रुपला बोलायचं तर हॅश आणि ग्रुपचा नंबर, बटण दाबून धरायचं, चिर्प, म्हणजे चिवचिवाटासारखा बारीक आवाज, ऐकू आला की मगच बोलायचं, बोलून झालं की सोडायचं. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, बाकीचे फक्त ऐकतात. फोन कॉल लागत नव्हते पण हे एकदोनदा प्रयत्न केल्यावर लागत होतं, आणि त्याला कारण आहे. त्या नेटवर्कला एक रेडिओ चॅनल सहा टाईमस्लॉटमधे, म्हणजे आळीपाळीने मिळणाऱ्या वेळेच्या तुकड्यांत, वाटलेला असायचा, साध्या फोन कॉलला बहुतेकदा त्यातले दोन लागायचे, प्रत्येकाचे वेगळे. ग्रुप कॉलमधे मात्र मोबाईलच्या एकाच टॉवरखाली असलेले सगळे मिळून एकच स्लॉट ऐकतात, मग पाच जण असोत की पन्नास. म्हणून गर्दीतही आमच्यासाठी जागा निघत होती. अर्थात टॉवरच्या बॅटऱ्या टिकतील तोवरच.

पहिली पाच मिनिटं मात्र नुसता गोंधळ. अकरा फोन, अकराही जण एकदम बटण दाबतायत, ज्याला लाईन मिळाली तो अर्धं वाक्य बोलतो, बाकीच्यांना नकाराचा तो जाड आवाज. शेवटी आमचा सुपरिटेंडंट, म्हणजे साईटचा मुख्य, साठीचा आयरिश माणूस, त्याला एकदाची लाईन मिळाली आणि तो शांतपणे म्हणाला, "सगळ्यांनी बटणावरनं हात काढा. मी ज्याचं नाव घेईन त्यानेच दाबायचं." आणि एकदम शांतता. मग एकेकाचं नाव. सुतार, चौदावा मजला, नऊ जण. लोखंडवाले, सोळावा, सात. होइस्टचा ऑपरेटर म्हणाला लाईट गेल्यावर ब्रेक आपोआप धरलाय, आत चार जण आहेत, ब्रेक हाताने थोडा थोडा सोडत खाली घेतो. मी कागदावर लिहीत होतो.

प्लंबरच्या फोरमनचं नाव घेतलं, उत्तर नाही. मी म्हटलं ऐकलं असेल, जिना उतरत असेल, आणि त्याच्यासकट तिघांपुढे खूण केली. सुपरने माझ्या हातातला कागद बघितला आणि ती खूण खोडली. मला म्हणाला, "आपण कोणाला हाक मारली ते लिहू नकोस, ओ कोणी दिली ते लिही." ग्रुप कॉल कोणाला पोचला नाही हे तो फोन सांगतच नाही. तुमच्या स्क्रीनवर ग्रुपचा नंबर दिसतो, चिर्प येतो, तुम्हाला वाटतं सगळ्यांनी ऐकलं. मग सुपरने त्या फोरमनला एकट्याला प्रायव्हेट कॉल लावला आणि तिथे मात्र स्क्रीनवर आलं, युजर नॉट अव्हेलेबल. म्हणजे फोन बंद आहे किंवा रेंजच्या बाहेर. आणि आमच्या साईटवर रेंज नसलेली जागा एकच, दुसरं तळघर.

मी आणि एक मेक्सिकन लेबर फोरमन, दोन टॉर्च घेऊन खाली गेलो. मिट्ट काळोख, तळघरातलं पाणी उपसणारे पंप बंद पडलेले, पाणी घोट्यापर्यंत आलेलं. वायरी, शिड्या सगळं चुकवत पुढे गेलो तर हाक ऐकू आली. तिघंही तिथेच होते. अंधार झाल्यावर एकजण शिडीवरून घसरला होता, पाय धरून बसलेला, आणि दुसरे दोघं त्याला सोडून जायला तयार नव्हते. प्लंबरच्या फोरमनने फोन पुढे केला, तो सारखं बटण दाबत होता म्हणे.

आम्ही प्लायवूडच्या तुकड्यावर त्याला धरून वर आणलं. मधे जिन्याच्या वळणावर जिथे रेंज येते तिथे लेबर फोरमनला उभं केलं, खालून आम्ही ओरडायचं, त्याने बटण दाबून सुपरला सांगायचं. सव्वापाचला वरून आवाज आला, "त्रेचाळीस." बटण सुटल्यावर लगेच कोणी बोललंच नाही.

मी त्या रात्री हडसन नदी ओलांडायला फेरीबोटीच्या रांगेत तीन तास उभा होतो, बायकोशी बोलणं थेट घरी पोचल्यावरच झालं. दुसऱ्या आठवड्यात सुपरने तळघराच्या दारावर पाटी लावली, आत जाताना आणि बाहेर येताना ग्रुप एकवर नाव सांगायचं, समोरून कोणी ओ दिल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. ते नेटवर्क ३० जून २०१३ ला बंद झालं. माझा फोन अजून ड्रॉवरमधे आहे, बाजूचं बटण दाबदाबून पार गुळगुळीत झालंय.